चांदण्यातली चिंबोरी पोकळ असते का? खाडीकाठच्या एका विद्यार्थिनीचा प्रकरण अभ्यास

ठाणे खाडीचा पूर्व काठ, ऐरोली ते बेलापूर पट्ट्यातला एक कोळीवाडा. मुलगी अठरा वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. घरातून पदवीला गेलेली ही पहिलीच. ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि नावं गाळली आहेत. तिच्या वहीतले निकालाचे आकडेही इथे छापलेले नाहीत, पण पद्धत पायरीपायरीने दिली आहे, कारण इतर विद्यार्थ्यांच्या कामी येईल ती पद्धतच.

घर

वडिलांची छोटी, बिनइंजिनाची होडी आहे. ते खाडीत चिंबोऱ्यांसाठी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांसाठी, फग लावतात. फग म्हणजे लोखंडी कडीला ताणलेलं जाळं, मध्ये बांधलेलं आमिष आणि वर ओढायला दोरी. नुसत्या खाडीवर घर चालत नाही, म्हणून ते ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटावर दिवसपाळी करतात. खाडीत जाणं पाळीच्या आधी किंवा नंतर, पाणी जुळेल तसं. आई मासळी बाजारात बसते. आजी (वडिलांची आई) पूर्वी पाटी घेऊन ठाण्यापर्यंत मासळी विकायला जायची. आता घरीच चिंबोऱ्या निवडते, सुतळीने बांधते आणि कुठली हॉटेलवाल्याला, कुठली किरकोळीला, कुठली घरच्या कालवणाला हे ठरवते. या घरात चिंबोरीचा दर्जा ठरतो तो आजीच्या अंगठ्यावर.

बारावीनंतर आईचं मत होतं की मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स करावा, लगेच नोकरी लागेल. वडिलांचा आक्षेप वेगळा होता: ‘खाडीतून बाहेर पडायला शिकवली, आणि ही खाडीच शिकायला निघाली.’ हा आक्षेप मार्गदर्शकांनी हलक्यात घेऊ नये. सिडको 1970 साली आली, शेतं आणि मिठागरं गेली, खाडीचं पाणी बदललं, मासळी घटली. हे सगळं या घराने सोसलं आहे. त्यांना शिक्षण हवं आहे ते खाडीवरचं अवलंबन सुटावं म्हणून. मुलीने चिंबोरीवर प्रकल्प करायचा तर घराला त्याचं कारण कळायला हवं आणि बाजाराची वेळ मोडता कामा नये.

प्रश्न कसा पुढे आला

पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात ट्रेमध्ये जतन केलेले खेकडे ठेवले होते. पोटाखालची घडी पाहून नर-मादी लिहायची. नराची घडी अरुंद, त्रिकोणी. मादीची रुंद, गोलसर. बहुतेकांनी दोन रकाने केले. या मुलीने तीन केले: नर, मादी, आणि ‘मादी, अजून वयात न आलेली’. तिसऱ्या प्रकारात घडी त्रिकोणी दिसते, पण नराहून रुंद असते. नवख्याला ती नरच वाटते. तिला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. घरी लाखेची चिंबोरी वेगळी काढताना ही चूक केली की आजी ओरडते. (लाख म्हणजे मादीच्या कवचाखालचा केशरी अंडाशय. पोटाच्या घडीबाहेर चिकटलेली अंडी वेगळी. अंड्यांवर आलेली मादी खोल, खाऱ्या पाण्याकडे सरकते, म्हणून खाडीत ती क्वचितच सापडते.)

या तिसऱ्या रकान्याबद्दल विचारल्यावर बोलता बोलता आजीचं वाक्य आलं: ‘अगो, काळोखातली चिंबोरी भरलेली, चांदण्यातली पोकळ.’ खाडीकाठच्या घरांत हे सर्रास ऐकायला मिळतं, आणि गिऱ्हाइकंही अमावास्येकडे चिंबोऱ्या जास्त मागतात.

अशा वेळी शिक्षकाचा हात दोन्हीकडे घसरतो. एक तर ‘ही समजूत आहे’ म्हणून विषय मिटतो, किंवा ‘आपलं पारंपरिक ज्ञान’ म्हणून त्याला हार घातला जातो. दोन्हीकडे मोजमाप होत नाही आणि मुलीच्या हाती काही लागत नाही. इथे मार्गदर्शक शिक्षिकेने तिला तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: पोकळ म्हणजे नेमकं काय, ते कशाने मोजणार, आणि आजी चुकीची असेल तर आकडे कसे दिसतील. तिसऱ्याला तिला आठवडा लागला. प्रकल्पाची खरी सुरुवात तिथून झाली.

पोकळ का होते

खेकड्याचं कवच वाढत नाही. वाढायचं तर जुनं टाकावं लागतं. कवच टाकल्यावर अंग पाणी शोषून फुगतं आणि त्या मोठ्या मापावर नवं कवच घट्ट होतं. आत मात्र मांस जुन्याच मापाचं असतं, उरलेली जागा पाण्याची. ती मांसाने भरून यायला काही आठवडे जातात. व्यापारी अशा मालाला ‘वॉटर क्रॅब’ म्हणतात. स्वस्तात घेऊन दोन ते चार आठवडे खायला घालून भरवायचा आणि मग विकायचा, हा चिंबोरी पुष्ट करण्याचा धंदाच त्यावर उभा आहे.

म्हणजे पोकळपणाचं कारण ठाऊक आहे. न उलगडलेलं इतकंच की त्याचा चंद्राशी संबंध आहे का. इथे मुलीने स्वतः एक मुद्दा काढला, आणि सगळ्या वहीत तो सर्वांत मोलाचा आहे. उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अमावास्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही. पाणी चढण्या-उतरण्याने फरक पडत असेल, तर अमावास्या आणि पौर्णिमा सारख्याच निघायला हव्यात आणि फरक दिसायला हवा तो अष्टमीच्या भांगात, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा. अमावास्या आणि पौर्णिमा एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या, तर कारण पाण्यात नाही, उजेडात शोधावं लागेल: चांदण्यात चिंबोरी कमी फिरते, कमी खाते, असं काहीतरी. म्हणून फक्त दोन तिथ्यांना माप घेऊन चालणार नव्हतं. अमावास्या, शुद्ध अष्टमी, पौर्णिमा आणि वद्य अष्टमी, चारही हव्यात.

तिथीवरून पाणी काढणं तिला घरातूनच येत होतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा दुपारी किंवा मध्यरात्री बारापासून पुढे मोजायचा, ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तिथी मात्र सरासरी 24 तासांहून थोडी लहान असते. त्यामुळे पाऊणपटीचा हिशोब थोडा मागे राहतो, तरी कामापुरता बसतो. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून मुंबई बंदराच्या छापील तक्त्यातली वेळ ऐरोलीला तशीच लावता येत नाही. तिने वडिलांच्या होडीच्या खुंटाजवळ पाणी थांबल्याची वेळ लिहून घरचा वेगळा तक्ता केला.

पहिला आराखडा आणि तो का पडला

पहिली मांडणी सोपी होती. आईच्या पाटीतल्या चिंबोऱ्या त्या त्या तिथीला वजन करायच्या आणि सरासरी काढायची. एका चांद्रमासात तिला हवा तसा निकाल मिळाला, अमावास्येच्या चिंबोऱ्या जड. आनंद झाला. मग शिक्षिकेने एकेक प्रश्न विचारला आणि निकाल सुटा होत गेला. प्रत्येक अडचण वेगळ्या जातीची होती, म्हणून ती सविस्तर पाहण्यासारखी आहे.

पहिली अडचण आकाराची. वजन रुंदीच्या साधारण घनाने वाढतं. रुंदी 10 टक्क्यांनी जास्त असेल तर वजन सुमारे 33 टक्क्यांनी जास्त भरतं. म्हणजे 100 मिलिमीटर आणि 110 मिलिमीटरच्या दोन चिंबोऱ्या नजरेला सारख्याच वाटल्या तरी वजनात तिसऱ्या हिश्श्याचा फरक, आणि त्यात भरलेपणाचा काही संबंध नाही. त्यावर नराचे डेंगे (पुढच्या दोन नांग्या) मोठे, त्यामुळे त्याच रुंदीचा नर मादीहून जड. नर-मादीचं प्रमाण बदललं की सरासरी बदलते.

दुसरी अडचण तिच्या सहज लक्षात येणारी नव्हती: वजनाने पोकळपणा नीट कळतच नाही. पोकळ चिंबोरीत हवा नसते, पाणी असतं. मांस आणि पाणी यांच्या घनतेत फार फरक नाही. म्हणून पाण्याने भरलेली चिंबोरी तराजूवर भरलेल्या चिंबोरीच्या जवळपास जाते आणि शिजवली की उघडी पडते. ‘तराजू फसतो, अंगठा फसत नाही’ असं आजी म्हणायची, त्याचं कारण हे.

तिसरी अडचण बाजाराची, आणि ती या घराबाहेरच्या कोणाला सुचली नसती. मासळीचा खप तिथीवर हलतो. संकष्टीला, एकादशीला, सोमवारी, गुरुवारी, शनिवारी कित्येक घरांत मांसाहार नसतो. संकष्टी येते पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी. त्या सुमारास न विकलेल्या चिंबोऱ्या ओल्या गोणपाटात एक-दोन दिवस जास्त राहतात, खात नाहीत, पाणी गमावतात आणि उतरतात. पौर्णिमेनंतरची चिंबोरी हलकी भरण्यात चंद्राचा काहीच हात नसेल. ती पाटीत जास्त वेळ पडून राहिली इतकंच असेल. शिवाय मोठा माल हॉटेलवाला सकाळीच उचलतो. पाटीत उरतं ते निवडून राहिलेलं, आणि त्यावर खाडीबद्दल बोलता येत नाही.

चौथी अडचण पकडण्याच्या रीतीची. फगात येते ती भुकेली चिंबोरी. कवच टाकण्याच्या आधी आणि टाकल्यावर काही दिवस चिंबोरी खात नाही, बिळात बसून राहते, ती आमिषाला येत नाही. बिळातली चिंबोरी लोखंडी आकडीने काढतात, आणि त्यासाठी चिखल उघडा पडावा लागतो. तो सर्वांत जास्त उघडा पडतो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. वडिलांच्या पाळीलाही तीच वेळ जुळते. अष्टमीला ओहोटी लागते भर दुपारी आणि पाणीही पुरतं उतरत नाही, म्हणून तेव्हा माल येतो तो फगाचाच. याचा अर्थ, चंद्र बदलला की पकडण्याची रीत बदलते आणि रीत बदलली की मऊ-पोकळ चिंबोऱ्यांचं प्रमाण बदलतं. चिंबोरीचं शरीर चंद्रासोबत बदलत नसलं, तरी घरात येणारा माल चंद्रासोबत बदलू शकतो.

पाचवी जातीची. खाडीत चिंबोरी एकाच जातीची नाही. 1998 मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी सायला या प्रजातीची फेरमांडणी करून चार जाती वेगळ्या केल्या. आपल्याकडे प्रामुख्याने दोन दिसतात. सायला सेराटाच्या डोळ्यांमधले काटे उंच असतात, डेंग्याच्या मधल्या सांध्यावर बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे असतात आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असते. सायला ऑलिव्हेशियाचे डोळ्यांमधले उंचवटे बुटके, गोलसर असतात, त्या सांध्यावर काटा एखादाच किंवा नावापुरता असतो आणि डेंगे तांबूस असतात. ही दुसरी जात मापाने लहान राहते. 1998 पूर्वीच्या भारतीय पुस्तकांत नावांची सरमिसळ आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातले आकडे घेताना ते कोणत्या जातीचे हे आधी तपासावं.

दुसरी मांडणी

ठरलं असं: दोन चांद्रमास, चार तिथ्या, दर तिथीला 20 चिंबोऱ्या, एकूण 160. माप बाजारात घ्यायचं नाही, होडी लागल्या लागल्या जेट्टीवर घ्यायचं, निवड व्हायच्या आधी. पहिल्या 20 घ्यायच्या, लहान-मोठी न बघता. फक्त फगातल्या. बिळातल्यांची वही वेगळी. जास्तीची एकही चिंबोरी पकडायची नाही. विक्रीसाठी आलेलाच माल मोजायचा. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. प्रकल्पाच्या नावाखाली अभयारण्यात किंवा कांदळवनात नमुने गोळा करायला वन विभागाची लेखी परवानगी लागते.

साहित्य: भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला 150 मिलिमीटरचा व्हर्निअर कॅलिपर, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, प्लॅस्टिकची परात, क्रमांकाच्या चिठ्ठ्या, पेन्सिल (पेनाची शाई ओल्या हाताने पसरते) आणि कडक पुठ्ठ्याची वही.

माप घेण्याचा क्रम असा. चिंबोरी बांधलेलीच असते, ती खाडीच्या पाण्यात बुडवून चिखल धुवायचा. मग पोट वर करून, तोंड खाली धरून एक मिनिट थांबायचं, म्हणजे कल्ल्यांच्या पोकळीतलं पाणी गळून जातं. हे टाळलं तर त्याच चिंबोरीचं वजन दर वेळी वेगळं येतं. रुंदी टोकाच्या काट्यापासून काट्यापर्यंत घ्यायची नाही. कवचाच्या कडेला प्रत्येक बाजूला नऊ काटे असतात, त्यातला नववा झिजतो, मोडतो. त्याच्या अलीकडच्या खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंतचं अंतर घ्यायचं. ते झिजत नाही. त्यानंतर वजन, आणि त्यातून सुतळीचं वजन वजा. सुतळी कोरडी असताना आणि भिजल्यावर वेगळी भरते, म्हणून तेवढ्याच लांबीचा भिजलेला तुकडा आधी काट्यावर ठेवून शून्य करायचं. शेवटी नर, मादी की वयात न आलेली मादी, जात, दोन्ही डेंगे आहेत का, एखादा नव्याने फुटलेला बारका आहे का, पोटाचा रंग आणि फग उचलल्याची वेळ.

तिथी लिहिण्यातही एक खाच आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असते ती सूर्योदयाची तिथी. रात्री दोनला उचललेला फग आजच्या तिथीत लिहायचा की उद्याच्या, यावरून पहिल्या वहीत गोंधळ होता. उपाय सोपा: तारीख आणि घड्याळातली वेळ लिहायची, तिथी नंतर पंचांगातली समाप्तीची वेळ पाहून भरायची.

आजीचा अंगठा

वजन पुरत नाही म्हटल्यावर मोजायचं ते मांस. त्यासाठी दर तिथीला सहा चिंबोऱ्या शिजवायच्या ठरल्या. पैसा हा इथला खरा अडसर होता. दोन्ही डेंग्यांची चिंबोरी कालवणात घालणं या घराला परवडत नाही. आईने तोड काढली: डावा डेंगा तुटलेल्या चिंबोऱ्यांना भाव कमी येतो, त्याच वापरायच्या. उजवा डेंगा शाबूत हवा, कारण दोन डेंगे सारखे नसतात. एक जाड, फोडणारा आणि एक कापणारा. जाड असतो तो बहुतेक वेळा उजवा.

चिंबोरी आधी बर्फाच्या पाण्यात, स्पर्शाला हालचाल थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर तडफडते आणि पाय-डेंगे सोडून देते. ते क्रूर आहे आणि मापही बिघडतं. मग लिटरमागे 30 ग्रॅम मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात 15 मिनिटं. बाहेर काढून 20 मिनिटं जाळीवर निथळत ठेवायची. उजवा डेंगा सांध्यातून सोडवायचा, अख्खा तोलायचा, फोडून सगळं मांस काढायचं, ते तोलायचं. डेंग्याच्या शंभर ग्रॅममागे मांस किती ग्रॅम, हा भरलेपणाचा आकडा. डेंगा फोडल्यावर आतलं पाणी परातीत सांडतं ते मांसात धरायचं नाही. सुरुवातीला ते धरलं गेलं आणि पोकळ-भरलेली यांतला फरक निम्म्यावर आला.

आणि मग अंगठ्याची परीक्षा. आजी चिंबोरी उलटी धरते आणि पोटाकडून, पायांच्या मुळाशी येणारा कवचाचा भाग दाबते. दबला तर पोकळ. सोबत दोन गोष्टी पाहते, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. पोट पांढरंस्वच्छ असेल तर कवच नवं, म्हणून आत कमी. पोट मळकट, पिवळट डागांचं असेल तर कवच जुनं, म्हणून भरलेली. डेंग्याचे दात टोकदार की झिजलेले, हेही तसंच. ही तीनही लक्षणं जीवशास्त्राने तपासली तर खरी ठरणारी आहेत, कारण तीनही कवच टाकून किती दिवस झाले तेच सांगतात.

तपासणी अशी केली. शिजवायच्या सहा चिंबोऱ्यांना क्रमांक. आजीने प्रत्येकीला भरलेली, मध्यम किंवा पोकळ म्हणायचं, ते काकूने वेगळ्या कागदावर लिहून घडी घालायची. मुलीने तो कागद मांस तोलून होईपर्यंत पाहायचा नाही. तासाभराने त्याच चिंबोऱ्या क्रम बदलून परत आजीसमोर, चिठ्ठ्या झाकून. दोन्ही वेळचा निवाडा जुळतो का, ते वेगळं लिहायचं. आजीला तिथी ठाऊक असणारच, ती लपवता येत नाही. म्हणून अंगठ्याचा निवाडा फक्त एकाच दिवसाच्या सहा चिंबोऱ्यांत ताडून पाहिला, आणि तिथ्यांची तुलना मांसाच्या आकड्यावरच केली.

आजीला हे सांगताना काळजी लागली. ‘तुझी परीक्षा’ म्हटलं तर मान दुखावतो. मुलीने सांगितलं, ‘आजी, काटा फसतो म्हणतेस, तर काटा किती फसतो ते तुझ्या अंगठ्यावरून काढायचं आहे.’ हे खरंही होतं.

काय निघालं

वजन भागिले रुंदीचा घन असा आकडा काढून, नर-मादी आणि जाती वेगळ्या केल्यावर पहिल्या आराखड्यातला अमावास्येचा जडपणा जवळजवळ विरला. तो मुख्यतः मोठ्या नरांचा होता. फगातल्या चिंबोऱ्यांच्या मांसाच्या आकड्यात अमावास्या आणि पौर्णिमा वेगळ्या काढता आल्या नाहीत. हे तपासायला संगणक लागला नाही. एका महिन्याच्या दोन तिथ्यांचे बारा आकडे बारा चिठ्ठ्यांवर लिहायचे, मिसळायचे, सहा-सहाचे दोन ढीग करायचे, ढिगांच्या सरासरीतला फरक लिहायचा, असं शंभर वेळा. (बारातून सहा निवडण्याचे मार्ग 924 आहेत, शंभरात अंदाज येतो.) खऱ्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या मिसळण्यानेही वारंवार येत असेल, तर त्या फरकावर काही उभं करता येत नाही. इथे तो वारंवार आला.

बिळातल्या आणि फगातल्या चिंबोऱ्यांमधला फरक मात्र स्पष्ट होता. बिळातल्यांत मऊ आणि पोकळ जास्त. आजीचा अंगठा मांसाच्या आकड्याशी चांगला जुळला. चूक झाली ती ‘मध्यम’मध्ये, टोकांना नाही. दोन्ही वेळचे निवाडेही बहुतेक तेच आले. म्हणजे आजीचं माप खरं निघालं. त्या मापाचं चंद्राशी जोडलेलं नातं या दोन महिन्यांत, खाडीच्या या एका भागात, फगातल्या मालावर दिसलं नाही. एवढंच म्हणता येतं आणि अहवालात एवढंच लिहिलं.

इथे मुलगी खचली. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी ‘निकाल’ हवा, आणि ‘फरक दिसला नाही’ हा तिला निकाल वाटत नव्हता. मार्गदर्शकाचं इथलं काम मोठं आहे. फरक दिसला नाही हे म्हणायला तिने आकार, लिंग, जात, पाणी, पाटीतला वेळ आणि पकडण्याची रीत असे सहा दरवाजे बंद केले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडून याहून अधिक मागू नये. भित्तिपत्रकावर मधली जागा शेवटी निकालाला न देता पकडण्याच्या रीतीच्या आकृतीला दिली, कारण वाक्य घराघरांत का टिकलं असेल याचा सर्वांत भक्कम धागा तिथे होता.

घराची बाजू

आईची अट एकच होती: मोजायचं ते सातच्या आत, बाजार सुटला की गिऱ्हाईक गेलं. एका चिंबोरीला सुरुवातीला पाच मिनिटं लागायची, 20 चिंबोऱ्यांना दीड तासाहून जास्त. भाऊ लिहायला बसल्यावर ती दोन मिनिटांवर आली. मोजणारा आणि लिहिणारा वेगळा हवा, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. 96 आणि 69 यांची अदलाबदल तिथेच पकडली जाते.

चिखलात एकटीने उतरायचं नाही, पायात घट्ट बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं. कालवांच्या कवचाने पाय कापतो आणि खाडीच्या पाण्यात ती जखम चिघळते. बांधलेली चिंबोरीही मागून धरायची.

वडिलांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं ते बोलण्यातून नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ते मुलीसोबत गेले. कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनेत खाडीकाठच्या गावांना चिंबोरीपालनासाठी मदत मिळते हे त्यांना तिथे कळलं. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, पण तिथे आपली मुलगी जाऊ शकते हे मनात नव्हतं. त्यानंतर त्यांनी स्वतःहून एक काम उचललं: कोणत्या रात्री किती फग लावले आणि किती रिकामे आले, हे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहू लागले. रिकाम्या फगांची नोंद आधी कोणी ठेवत नव्हतं. चांदण्यात चिंबोरी कमी फिरते का, याचं उत्तर मांसात नसून या रिकाम्या फगांत असू शकतं.

पुढचा हंगाम

दोन प्रश्न तिने स्वतः मांडले आहेत. पावसाळ्यातल्या पौर्णिमेला ढग असतात, चांदणं खाली पोचत नाही, पण उधाण तेवढंच असतं. उजेड हेच कारण असेल तर ती पौर्णिमा अमावास्येसारखी वागायला हवी. दुसरा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर आहे: ‘पुलाखालच्या चिंबोरीला अमावास्या कळते का?’ वाशीचा आणि ऐरोलीचा पूल रात्रभर उजळलेले असतात. पुलाजवळचे फग आणि आतल्या काळोख्या फाट्यातले फग एकाच रात्री, सारख्याच संख्येने, त्याच आमिषाने लावायचे, दहा इथे आणि दहा तिथे. उजेड मोजायला मोबाइलमधलं लक्समापक पुरेसं अचूक नाही, पण दोन जागांमधला फरक तेवढ्यावर लिहिता येतो. फोन दर वेळी तोच वापरायचा, पडदा आकाशाकडे, पाण्यापासून हातभर उंचीवर. पुलाखाली पाण्याला ओढ जास्त असते, ती काळोख्या फाट्यात नसते, म्हणून काळोखी जागाही मुख्य प्रवाहाजवळचीच निवडावी लागेल. ती जागा वडील दाखवणार आहेत.